हार्डडिस्कची क्षमतामर्यादा

हार्डडिस्कची क्षमतामर्यादा : मोठी हार्डडिस्क जोडूनही संगणकाला तिचा काही भागच वापरता येणे. दोष बहुधा डिस्कचा नसतो. डिस्कवरचा मजकूर सेक्टरांत साठतो. सेक्टरचा रूढ आकार ५१२ बाइट असून प्रत्येकाला क्रमांक असतो. बायॉस, कंट्रोलर, पार्टिशन टेबल आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांपैकी ज्याच्याकडे हा क्रमांक लिहायला सर्वांत कमी बिट असतात, त्याची मर्यादा साऱ्या संगणकाला लागू होते.

५२८ मेगाबाइटची जुनी मर्यादा याचे उत्तम उदाहरण आहे. तेव्हा सेक्टरचा क्रमांक सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन भागांत लिहिला जाई. बायॉस एकट्याने ८.४ गिगाबाइटपर्यंत पोहोचू शकत होता, एटीए जोडणी तर सुमारे १३७ गिगाबाइटपर्यंत. पण बायॉसला १,०२४ पेक्षा जास्त सिलिंडर मोजता येत नव्हते, एटीएला १६ पेक्षा जास्त हेड. दोघांची तोकडी बाजू एकत्र आली आणि हाती ५२८ मेगाबाइटच उरले.

पुढे एटीएने सेक्टरांना सरळ ओळीने, २८ बिटांचे क्रमांक दिले. त्यातून १३७ गिगाबाइटची मर्यादा आली. सर्वांत घातक हीच, कारण काही जुन्या प्रणाली इथे थांबतच नसत. स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसा क्रमांक फिरे आणि नवा मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, पार्टिशन टेबलवरच, लिहिला जाई. लिखाण १३७ गिगाबाइटची हद्द ओलांडेपर्यंत सारे सुरळीत दिसे. एटीए-६ मधील ४८ बिटांच्या क्रमांकांनी हा प्रश्न सोडवला. विंडोज एक्सपीत त्यासाठी २००२ मधील सर्व्हिस पॅक १ लागे.

आज अडवते ती २.२ टेराबाइटची मर्यादा. १९८३ पासून चालत आलेले एमबीआर हे पार्टिशन टेबल ३२ बिटांचेच क्रमांक लिहिते. काही जुने ड्रायव्हर ३ टेराबाइटची डिस्क ७४६ गिगाबाइटची दाखवतात, कारण २.२ टेराबाइट ओलांडल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून होते. यावर जीपीटी हे नवे पार्टिशन टेबल हा खरा उपाय आहे. मात्र जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायला बायॉसच्या जागी आलेले यूईएफआय लागते आणि ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही. १ टेराबाइटच्या डिस्कवर विंडोज ९३१ गिगाबाइट दाखवते, ती मर्यादा नव्हे. तो दशमान आणि द्विमान मोजणीतला फरक आहे.

काही यूएसबी केस ४,०९६ बाइटचे सेक्टर दाखवून एमबीआरची मर्यादा आठपट वाढवतात. सोय चांगली, पण अशी डिस्क काढून थेट मदरबोर्डला जोडली की पार्टिशन ओळखू येत नाही आणि विंडोज ती इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट करायला सुचवते. तिथे होकार देऊ नये. मजकूर जागेवरच असतो. डिस्क पुन्हा त्याच केसमध्ये घालून आधी त्याची प्रत काढून घ्यावी.