पत्नीच्या पाठोपाठ फिलाडेल्फियास

गेल्या जून महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटावयास आला होता. त्याच्या पत्नीला परदेशातील एका विद्यापीठात डॉक्टरेटसाठी प्रवेश मिळालेला. मुलगी हुशार, शिष्यवृत्ती पदरात पडलेली, सारे आनंदाचेच. परंतु याचा चेहरा उतरलेला. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "सर, चार वर्षे ती प्रयोगशाळेत जाणार. त्या गावात मी करू काय? आणि इथे लोक काय म्हणतील ते निराळेच." मी इतिहास शिकवतो. आमच्या धंद्याची खोड अशी की, कोणी सल्ला विचारला की आम्ही गोष्ट सांगतो. मी त्याला गोपाळराव जोश्यांची गोष्ट सांगितली. तीच आज आपणास सांगणार आहे.

डॉक्टर आनंदीबाई जोशी हे नाव महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली निघाली, पुढे तिच्यावर नाटकही झाले, आणि २०१९ साली चित्रपट आला. पण आपण ही कथा नेहमी बाईंच्या बाजूने ऐकतो. मला आज थोडे दुसऱ्या बाजूस उभे राहावयाचे आहे: शिकणाऱ्या बायकोच्या मागून परक्या गावी जाणाऱ्या नवऱ्याच्या.

आधीचा भाग चटकन सांगतो. आनंदीबाई ३१ मार्च १८६५ रोजी जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झाले ते पोस्टातल्या एका विधुर कारकुनाशी. नवरा वयाने पुष्कळच मोठा. त्याला एकच ध्यास, बायकोला शिकवायचे. पोस्टाची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट कलकत्ता आणि हुगळीकाठचे श्रीरामपूर. (हे श्रीरामपूर बंगालचे, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे.) या साऱ्या गावांना बाई नवऱ्यामागे गेल्या. त्याची कोणी नोंद घेतली नाही. घ्यावी असे काही आहे असे कोणास वाटलेही नाही. नवऱ्याच्या बदलीमागे बायकोचे बिऱ्हाड हलायचेच. तेच उलट झाले की मात्र इतिहास होतो, हे ध्यानात ठेवा.

चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. वैद्यकी शिकण्याचा निश्चय तेथून पुढे पक्का होत गेला. त्याआधी, १८७८ साली, गोपाळरावांनी कोल्हापुरात राहिलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यास पत्र धाडले होते. त्या पत्रात मागणे दोन होते: बायकोला अमेरिकेत शिक्षण आणि स्वतःला तेथे काम. म्हणजे मूळ बेत दोघांनी जाण्याचा होता. उत्तरात धर्मांतराची अट आली, ती त्यांनी मानली नाही. परंतु तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो १८८० साली दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला. दाताच्या दुखण्याचा इतका उपयोग इतिहासात क्वचितच झाला असेल. त्या बाईंना आनंदीबाई पुढे मावशी म्हणू लागल्या.

मग एकट्याच का गेल्या? श्रीरामपूरच्या कॉलेजात १८८३ साली बाईंनी जे जाहीर भाषण केले त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. पैसा अपुरा होता, पण तेवढेच कारण नव्हते. नवऱ्यावर म्हाताऱ्या आईबापांचा आणि धाकट्या भावंडांचा भार होता. कमावता माणूस उठून गेला तर घर कोणी चालवावे? आज माझ्या विद्यार्थ्याने हाच हिशेब वहीत मांडून आणला होता. आकडे तेवढे बदलले.

७ एप्रिल १८८३ रोजी बाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाचे ते स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० साली निघालेले. रेचल बॉडली या डीन. गाव थंड, अन्न परके, आणि बाईंनी हिंदू राहीन म्हणून चारचौघांत सांगितलेले. आपल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी लुगडे गुजराती धर्तीने नेसायला घेतले. एवढीशी गोष्ट, पण त्यासाठी नवऱ्याची संमती पत्राने मागावी लागे आणि उत्तर यायला महिने लागत. गोपाळरावांची पत्रे नेहमी गोडच असत असे नाही. संशय, टोचणी, उपदेश यांचा भरणा असे. आणि एका पत्रात बाईंनी त्यांना जुनी आठवण करून दिली: दहाव्या वर्षी लाकडाने मारलेत, बाराव्या वर्षी खुर्च्या, पुस्तके फेकून मारलीत, तुमचे ते वागणे चांगले की वाईट हे ठरवणे अवघड आहे. शिकवणारा आणि मारणारा माणूस एकच. हे वाचले की मला वर्गात 'थोर सुधारक' हे शब्द फळ्यावर लिहिताना खडू जड वाटतो.

१८८५ साली गोपाळराव मागून फिलाडेल्फियास पोहोचले. आता मंडळी, चित्र डोळ्यांसमोर आणा. आजवर जो शिकवी, बदल्या करी, निर्णय घेई, तो माणूस एका मोठ्या शहरात उतरला. तेथे लोक त्यास ओळखतात ते 'मिसेस जोशींचे यजमान' म्हणून. तिला तास आहेत, परीक्षा आहेत, प्रबंध आहे, मैत्रिणी आहेत. जपानची ओकामी, दमास्कसची इस्लामबुली या तिच्या कॉलेजातल्याच. याला तिथे ना कचेरी, ना हुद्दा. मग त्यांनी व्याख्याने दिली. ज्या समाजाने बायकोला हात दिला त्याच समाजाच्या रीतींवर आणि धर्मावर कोरडे ओढले. वर्तमानपत्रांना ते रुचले, बाईंच्या हितचिंतकांना कानकोंडे व्हावे लागले.

गोपाळरावांचे सारेच म्हणणे चुकीचे होते असे नाही. परक्यांच्या उपकाराखाली वाकू नये ही त्यांची भावना मला समजते. पण मला वाटते, त्यात रिकाम्या हातांचाही भाग होता. पाच वर्षांनी, १८९० साली, याच गृहस्थांनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये बड्या मंडळींना चहाला नेऊन, मग त्यांची नावे छापून आणून ग्रामण्य उभे केले. त्यात रानडे सापडले, टिळकही सापडले. हा स्वभाव फिलाडेल्फियात गप्प कसा बसावा?

११ मार्च १८८६ रोजी बाई पदवीधर झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या, गोपाळरावही होते. पण क्षयाने शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची नेमणूक झाली होती; ती जागा त्यांच्या पायांनी कधी पाहिली नाही. नोव्हेंबरात दोघे मुंबईस उतरले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात बाई गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती.

गोष्ट संपल्यावर माझा विद्यार्थी बराच वेळ बोलला नाही. मग विचारले, "सर, शेवटचे वर्षभर ते तिथे नसते तर बरे झाले असते का?" मी म्हटले, "अरे, आजारी बायकोला बोटीत हात द्यायला तरी कोणी हवे होते." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे जावे, पण व्याख्याने देऊ नयेत." मी हसलो. तो ऑगस्टात गेला. तिथल्या वाचनालयात पुस्तके लावण्याचे काम बिनपगारी करतो, संध्याकाळी तिच्यासाठी वरणभात लावतो, असे त्याचे पत्र आहे.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ती आहे.