एकेक इलेक्ट्रॉन मोजून सोडणारा ट्रान्झिस्टर: तो तुमच्या फोनमध्ये का नाही?

मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बटण. ते चालू झालं की इलेक्ट्रॉनचा लोंढा वाहतो. पण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडणारं बटणही आहे, आणि ते नवं नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये थिओडोर फुल्टन आणि गेराल्ड डोलन यांनी ते बनवलं.

त्याच्या मधोमध धातूचं एक इवलंसं बेट असतं. दोन्ही बाजूंना जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचा ऑक्साइडचा थर. हा थर खरं तर वीज अडवतो, पण इतका पातळ असल्यामुळे इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जाऊ शकतो. डॉक्टरांची केबिन आठवा. आत एक पेशंट असेल तर दुसऱ्याला थांबावं लागतं. बेटावर आलेला इलेक्ट्रॉन पुढच्याला असाच दूर ढकलतो. याला ‘कूलॉम ब्लॉकेड’ म्हणतात. कोणाला कधी आत सोडायचं हे ठरवणारा कंपाउंडर म्हणजे ‘गेट’, म्हणजेच शेजारच्या तारेवरचा व्होल्टेज.

असा पातळ थर बनवायचा कसा? डोलन यांची युक्ती भन्नाट आहे. चिपवर साच्याचा एक अधांतरी पूल ठेवायचा, एका बाजूने तिरकी अ‍ॅल्युमिनियमची वाफ सोडायची, मग थोडा ऑक्सिजन, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा वाफ. पुलाखाली दोन्ही थर जिथे एकमेकांवर चढतात, तिथे मधला ऑक्साइड आपोआप तयार!

खरी परीक्षा थंडीत होते. उष्णता इलेक्ट्रॉनला धक्के देऊन रांग मोडते, म्हणून असा ट्रान्झिस्टर उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली तपासतात. गेटचा व्होल्टेज हळूहळू वाढवला की प्रवाह ठरावीक अंतराने वर-खाली होतो. प्रत्येक उंचवटा म्हणजे बेटावर वाढलेला एक इलेक्ट्रॉन.

नेहमीच्या तापमानाला हे चालवायचं तर बेट काही नॅनोमीटरचंच हवं. तेही जमलं, तरी मोठी डोकेदुखी उरते: जवळपास अडकलेला एखादा भटका इलेक्ट्रॉन सगळं गणित बिघडवतो. अब्जावधी बटणं अशी लहरी असतील तर फोन चालेल कसा?

पण हाच नाजूकपणा मोजमापाला वरदान ठरला. एका इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराच्या हजाराव्या भागाहूनही लहान बदल हा ट्रान्झिस्टर टिपू शकतो. २०१० मध्ये सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सिलिकॉनमधल्या एकाच इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’ वाचला, तो याच्याच मदतीने. सिलिकॉनवर आधारलेल्या क्वांटम कॉम्प्युटरच्या प्रयोगांत आजही तो वापरला जातो.