सर्व्हरचे अहवाल आणि त्यांचे मौन

सर्व्हरचा विन्यास, म्हणजे कोणत्या यंत्रावर कोणत्या फायली, आज्ञावल्या व सेवा असाव्यात ही व्यवस्था, आपोआप लावणाऱ्या साधनांचा इतिहास बहुधा त्यांच्या भाषांच्या अंगाने सांगितला जातो. त्यांनी आपल्या कामाचा अहवाल केंद्राकडे कसा पोचविला, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. आमच्या मते तो तसा नाही.

१९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन रचले. प्रत्येक यंत्राने स्वतःच अपेक्षित स्थितीकडे सरकावे, ही त्यातील मूळ कल्पना होय. परंतु यंत्र असे स्वायत्त झाले, की त्याच्या निवेदनावाचून त्याची हकीकत कळावयाची कशी? कामाचे फलित ई-मेलने प्रशासकास धाडण्याची सोय पुढे झाली खरी. पण ती दहा यंत्रांस पुरेशी, हजारांस नव्हे.

ल्यूक केनीझ यांच्या पपेटने (२००५) अहवालास निश्चित आकार दिला. सामान्यतः दर ३० मिनिटांनी यंत्र केंद्राशी बोलते, आणि प्रत्येक खेपेस 'बदलले', 'बदलले नाही' अथवा 'फसले' असा शेरा मिळतो. यांतील पहिला शेरा फसवा आहे. तो प्रत्येक खेपेस येऊ लागला, तर दोन नियम एकमेकांचे काम मोडीत असावेत अशी शंका घ्यावी.

तथापि खरी अडचण शेऱ्यांची नसून मौनाची आहे. २००९ मध्ये आलेल्या शेफमध्ये यशाचा व अपयशाचा वृत्तान्त देणारे स्वतंत्र हस्तक आहेत. पण यंत्र मध्येच बंद पडले तर दोघेही मूक राहतात. न आलेला अहवाल कोणत्याही नोंदवहीत आपोआप उमटत नाही. त्यासाठी केंद्रापाशी यंत्रांची यादी आणि प्रत्येकाच्या शेवटच्या निवेदनाची वेळ असावी लागते. फोरमनसारख्या साधनाने ठराविक मुदतीत न बोललेली यंत्रे वेगळी दाखविली, हे आम्हांस रंगीत आलेखांहून अधिक मोलाचे वाटते.

मायकेल डीहान यांच्या अ‍ॅन्सिबलने (२०१२) दिशाच उलटविली. येथे केंद्रच एसएसएचद्वारा यंत्राकडे जाते. म्हणून अखेरच्या गोषवाऱ्यात 'फसले' याहून निराळा 'पोचता आले नाही' हा रकाना सहजच येतो. मात्र त्याच साधनातील अ‍ॅन्सिबल-पुल वापरून यंत्राने स्वतःच आज्ञा ओढून घेतल्या, की तो रकाना निरुपयोगी ठरतो आणि बर्जेस यांच्या वेळचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.