खोकला आणि उजवीकडचे हृदय

गोंदियाच्या बाजूस बारमाही खोकणारे मूल दिसले, म्हणजे घरची मंडळी दोन कारणे ठरवून टाकतात : धान-गिरणीची धूळ, नाही तर क्षय. हे तर्क अगदीच निराधार नसतात. परंतु क्वचित असेही मूल आढळावयाचे की, ज्याचे नाक जन्मल्यापासून वाहते, कान फुटतात, ओला खोकला एक दिवस खंडत नाही, थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, आणि क्ष-किरण चित्र पाहावे तो हृदय उजव्या अंगास! चित्रच उलटे धरले गेले, अशी पाहणाराची प्रथम समजूत व्हावी. या विलक्षण जोडीचा उलगडा होण्यास सुमारे पाऊणशे वर्षे लागली, आणि तो ज्याने केला तो छातीचा वैद्य मुळीच नव्हता.

1904 साली कीव्ह शहरी झीवर्ट नामक डॉक्टराने असा एक रोगी वर्णिला : श्वासनलिकांच्या शाखा कायमच्या रुंदावलेल्या, आणि पोटाछातीतील अवयव आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट बाजूस. 1933 मध्ये झुरिचचे डॉ. मानेस कार्टागेनर यांनी असे चार रोगी एकत्र मांडले, नाकालगतच्या पोकळ्यांचा जुनाट दाह हे लक्षण त्यांत गोविले, आणि रोगास त्यांचे नाव मिळाले. नाव मिळाले, कारण मिळाले नाही. खोकल्याचा हृदयाच्या जागेशी संबंध तो काय असावा?

नाकापासून फुप्फुसांपर्यंतच्या वाटेस आतून सूक्ष्म रोमांचे अस्तर असते. वाऱ्याने लहरणारे धानाचे शेत श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. हे रोम सेकंदास दहा-पंधरा वेळा हेलकावतात आणि धूळ व जंतू अडकलेला कफ घशाकडे ढकलीत नेतात. ही झाडलोट थांबली की कफ साचतो, कुजतो, व फुप्फुसाचा हळूहळू नाश करतो.

स्टॉकहोमचे ब्यॉर्न आफ्झेलियस हे पेशींचे अभ्यासक. अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री प्राण्याच्या शुक्राणूंची शेपटी त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, आणि तीतील नलिकांच्या नऊ जोड्यांना चिकटलेले इवले बाहू 1959 साली प्रसिद्ध केले. असल्या संशोधनाचा उपयोग काय, असे त्या काळी कोणी विचारले असते तर त्यात नवल नव्हते! पुढे, ज्यांचे शुक्राणू हालत नव्हते असे काही निपुत्रिक पुरुष त्यांच्या पाहण्यात आले. शेपटीत ते बाहूच नव्हते. त्याच पुरुषांना जन्माचा खोकला होता, आणि काहींचे हृदय उजवीकडे. शुक्राणूची शेपटी व श्वासनलिकेचा रोम यांची रचना एकच, हे ज्ञात होतेच, कोडे सुटले. 1976 च्या लेखात त्यांनी आणखी एक धाडसी अनुमान केले : गर्भातील रोमांच्या हालचालीने डावे-उजवे ठरते, ते निश्चल असले तर हृदयाची बाजू केवळ नशिबावर राहते. म्हणूनच जवळजवळ निम्म्याच रोग्यांत ते उजवीकडे असते. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या गर्भात रोमांमुळे वाहणारा तो प्रवाह दाखवून दिला.

1999 मध्ये, म्हणजे भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्याच वर्षी, या रोगाचे पहिले जनुक हाती लागले. आज अशी पन्नासाहून अधिक ठाऊक आहेत. बहुतेक घराण्यांत आई व बाप दोघेही निरोगी, पण दोघांकडेही दोषाची एकेक प्रत; मग प्रत्येक अपत्यास चारांत एक असा धोका. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात जुनी. गोंड समाजात तिला ‘दूध लौटावा’ म्हणतात. रक्तसंबंध जवळचा असला की दोन्हीकडून एकच दोष येण्याचा संभव वाढतो. तथापि यात सून किंवा आई दोषी, असे मानण्यास काडीचाही आधार नाही.

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र छातीचा नित्य व्यायाम करून कफ काढीत राहणे व जंतुसंसर्गावर वेळीच औषध देणे, एवढ्याने फुप्फुसे पुष्कळ वर्षे राखता येतात. त्यासाठी रोग लवकर ओळखला पाहिजे. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खोकणारे मूल तेथे किंवा अन्यत्र नेताना, खोकला जन्मतःच होता काय आणि कान फुटतात काय, हे आईने आपण होऊन डॉक्टरांस सांगावे. हृदय डावीकडे असले तरीही सांगावे.