मोटारीचें अंतरंग

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे बहुधा इंजिनाविषयीं बोलतात. गाडी किती वेगानें पळूं लागली, तेल किती पिऊं लागली, याच्या हकीकती पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. ज्या ठिकाणीं माणूस प्रत्यक्ष बसतो, हात टेकतो आणि ज्याच्याकडे प्रवासभर पाहत राहतो, त्या आंतल्या भागाची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक तीही मनोरंजक आहे. तिच्यांतून रंगारी एकदां हद्दपार झाला आणि पुढें त्यालाच सन्मानानें परत बोलवावें लागलें.

पहिल्या मोटारी घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनींच सजविल्या. ‘डॅशबोर्ड’ हा शब्दही घोडागाडींतलाच. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल सारथ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून समोर लावलेली ती फळी. घोडा गेला, फळीचें नांव राहिलें. आंत सारें लांकूड, चामडें आणि पितळ. लांकडावर रोगणाचे हात एकावर एक चढत, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबावें लागे, आणि गाडी रंगून पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत.

लांकडाला झिलई देण्याच्या कामीं लाखेचा मान मोठा होता. लाख हा एका बारीक किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर तो जमतो. जगाला लाख पुरविणाऱ्या देशांत भारत अग्रगण्य, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडील पळसांवरही ती घेतली जाते. परंतु लाखेवर खरा ताण पडला तो विजेमुळें. विजेच्या तारा व वेटोळीं झांकण्यास लाख लागूं लागली. किडे कांहीं यंत्राच्या गतीनें स्रवत नाहींत. मूळचे बेल्जमचे आणि अमेरिकेंत स्थायिक झालेले लिओ बेकलंड हे रसायनज्ञ लाखेला पर्याय शोधीत होते, तो याच कारणानें. न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथें १९०७ साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगापासून त्यांना बेकेलाइट साधलें. १९०९ साली त्याचें पेटंट मिळालें. मोटारीच्या विजेच्या भागांत तें लवकरच शिरलें, मागाहून मुठी आणि बटणें यांच्या रूपानें माणसाच्या हातांतही आलें.

या पदार्थाची थोरवी कशांत होती? तो साच्यांतून बाहेर पडे तोच झिलई घेऊन. रंग पोटापर्यंत मिसळलेला; रोगण नको, घोटणें नको, वाळण्याची वाट पाहणें नको. रंगाऱ्याची गरजच उरली नाहीं. तरीही जुन्या रूपाचा मोह सुटेना. १९३० नंतरच्या दशकांत पोलादी डॅशबोर्ड सर्रास झाले, तेव्हां त्यांवर लांकडाच्या शिरा रंगानें उमटवीत! हेन्री फोर्ड यांनीं तर ऑगस्ट १९४१ मध्यें डिअरबॉर्न येथें सोयाबीनचा अंश असलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांची एक अख्खी मोटार लोकांस दाखविली. ती पुढें बाजारांत आली नाहीं.

प्लॅस्टिकनें मोटारीचें अंतरंग खऱ्या अर्थानें व्यापलें तें केवळ स्वस्ताईमुळें नव्हे. पोलादी डॅशबोर्ड दिसावयास देखणा, पण गाडी आदळली कीं माणसाचें कपाळ त्याच्यावर फुटे. फोर्ड कंपनीनें १९५६ च्या गाड्यांत मऊ गादीचा डॅशबोर्ड जादा पैसे घेऊन देऊं केला. १९६५ साली राल्फ नेडर यांचें मोटारींच्या धोक्यांविषयींचें पुस्तक निघालें, १९६६ साली अमेरिकेनें वाहन-सुरक्षिततेचा कायदा केला, आणि १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या आंतील पृष्ठभागांना आघाताचे नियम लागू झाले. फेसाळ गादी, तिच्यावर मऊ पी.व्ही.सी.चें कातडें, असा बेत मग रूढ झाला. जुन्या लांकडाच्या आठवणीनें उसासे टाकणाऱ्यांनीं हें विसरूं नये; या ओबडधोबड वाटणाऱ्या वस्तूनें कित्येकांचे प्राण वांचविले आहेत.

मात्र रंग पोटापर्यंत असला तरी जीर्ण होतो तो पृष्ठभाग, हें कोणाच्या फारसें ध्यानांत आलें नव्हतें. उन्हांतील डोळ्यांना न दिसणारे किरण प्लॅस्टिकच्या लांब रेणूंच्या सांखळ्या तोडतात. मग वरचा थर खडूसारखा पांढुरका होतो. पी.व्ही.सी. मूळचें कठीण, त्याला मऊ ठेवण्यासाठीं घातलेलें तेलकट द्रव्य हळूहळू उडून जातें. पुढच्या कांचेवर आंतून जी धुरकट साय धरते, तिच्यांत त्याचाही भाग असतो. द्रव्य गेलें कीं कातडें आकसतें व तडकतें. १९९० नंतरच्या कांहीं महागड्या इटालियन गाड्यांची गंमत निराळीच. बटणांवर दिलेला मखमली लेप दमट हवेनें विघटून गुळासारखा चिकट होतो.

जुन्या गाडीचे सुटे भाग कारखान्यांतून मिळेनासे होतात, तेव्हां असा विटका तुकडा टाकून देऊन भागत नाहीं. तेथें रंगाऱ्याला पुन्हा हांक येते. त्याचें पहिलें काम रंगाचें नसून धुण्याचें असतें. चमक यावी म्हणून मालकानें वर्षानुवर्षें चोळलेलें सिलिकॉनचें पॉलिश लेशमात्र राहिलें, तरी नव्या रंगांत माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. त्यानंतर बारीक पॉलिश पेपर, भेगांत लवचीक लांबी, आणि मग पातळ पातळ हात. मध्यें वाळण्याची वाट पाहणें आलेंच. पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा असेल तर आणखी कसोटी. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसा त्याच्यावर रंग ठरत नाहीं. आधीं रंग धरून ठेवणाऱ्या खास द्रवाचा एक हात द्यावा लागतो.

सर्वांत अवघड असतें तें चामड्याच्या दाण्याचें. प्लॅस्टिकवर दिसणारा तो दाणा कारखान्यांत पोलादी साच्यावर आम्लानें कोरलेला असतो. घासणाऱ्याचा हात जरा जड पडला कीं तो पुसला जातो, आणि रंगानें तो परत येत नाहीं. म्हणून कुशल कारागीर त्याच तुकड्याच्या धड भागाचा ठसा आधीं घेऊन ठेवतो, दुरुस्त केलेल्या जागीं पी.व्ही.सी.ची मऊ लांबी भरतो, ती तापवितो, आणि गरम असतांनाच तो ठसा तिच्यावर दाबून निवेपर्यंत धरून बसतो.