उदरीय अर्धशिशी
मुलांमधील अर्धशिशीचा एक प्रकार. यात डोक्याऐवजी पोट दुखते. बेंबीभोवतीची ही कळ २ ते ७२ तास टिकते. मूल पांढरेफटक पडते, अन्न नको म्हणते, त्याला मळमळते वा उलटी होते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात ते ठणठणीत असते. त्यामुळे ‘शाळा बुडवायचे निमित्त’ हा शेरा त्याला हमखास मिळतो. तो अन्यायाचा आहे. आजार बहुधा ३ ते १० वर्षे वयात सुरू होतो, क्वचित किशोरवयातही दिसतो. घरात अर्धशिशी असणे ही महत्त्वाची खूण.

खात्रीची तपासणी नाही. इतर कारणे वगळूनच निदान होते. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात आधी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासावा, कारण त्याच्या वेदनाही अशाच येतात-जातात. जंतही पाहावेत. हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताप, घटते वजन किंवा उजव्या बाजूला खाली दुखणे हे अर्धशिशीचे नव्हे. तेव्हा रुग्णालय गाठावे.

झटका आल्यावर अंधारी, शांत खोली आणि झोप उपयोगी. पॅरासिटामॉल वजनानुसार, सुरुवातीलाच द्यावे. उपास, जागरण, ऊन, परीक्षेचा ताण यांची नोंद वहीत ठेवल्यास कारण सापडते. वारंवार झटके आल्यास डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. पोटदुखी बहुतेकांची वयाबरोबर थांबते. पुढे अनेकांना डोक्याची अर्धशिशी होते.