मॅट हॉल कोण आहे? फायटर पायलट ते एअर रेस चॅम्पियन

तीन शर्यती जिंकणारा हरला आणि एकच जिंकणारा वर्ल्ड चॅम्पियन झाला, असं होऊ शकतं का? 2019 मध्ये झालं. तो चॅम्पियन म्हणजे मॅट हॉल.

एअर फोर्समधली वर्षं
हॉलचा जन्म 1971 चा, ऑस्ट्रेलियातला. तिथल्या एअर फोर्समध्ये त्याने एफ/ए-18 हॉर्नेट उडवलं. नंतर काही काळ तो अमेरिकन एअर फोर्ससोबत होता. 2003 च्या इराक युद्धात त्याने एफ-15ई स्ट्राइक ईगल उडवलं.

एअर रेस म्हणजे काय?
रेड बुल एअर रेसमध्ये सगळी विमानं एकदम सुटत नसत. एकेक पायलट घड्याळाशी शर्यत लावायचा. 25 मीटर उंच, हवा भरलेल्या खांबांमधून विमान काढायचं असायचं. वेग ताशी 370 किमीपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे 100 मीटर! खांबाला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढत.

10 जी म्हणजे किती?
सेन्सर दाखवणारं एखादं ॲप उघडून फोन टेबलावर ठेवा. 9.8 च्या आसपास आकडा दिसेल. हा झाला 1 जी. रेसच्या वळणांवर तो 10 जीपर्यंत जायचा. 70 किलोच्या माणसाला आपण 700 किलोचे आहोत असं वाटतं. रक्त पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय आणि पोटाचे स्नायू आवळून ते रोखायचं असतं. फायटर पायलटना याची सवय असते.

पाण्याला घासलेलं विमान
2009 च्या पहिल्याच सीझनमध्ये हॉल तिसरा आला. 2010 मध्ये कॅनडातल्या विंडसरला त्याचं विमान डेट्रॉइट नदीच्या पाण्याला घासलं. तरी त्याने ते सावरून वर काढलं. 2011 ते 2013 स्पर्धा बंद होती. पुढे 2015, 2016 आणि 2018 मध्ये तो दुसरा आला.

एका पॉइंटने
2019 मध्ये चार शर्यती होत्या. जपानच्या योशिहिदे मुरोयाने तीन जिंकल्या, हॉलने फक्त हंगेरीतली बालाटन सरोवरावरची. पण तिथे मुरोया बराच मागे पडला होता. हॉल बाकीच्या शर्यतींतही पॉइंट जमवत राहिला आणि एका पॉइंटने जिंकला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲप किती फास्ट आहे यापेक्षा सर्व्हरवर लोड आला की ते किती टिकतं, हे आम्ही आधी बघतो. म्हणून मला हा निकाल पटतो. चिबाला झालेली ती फायनल रेड बुल एअर रेसची शेवटची शर्यत ठरली.